मेले की मारले

त्या कागदावरचं अक्षर माझं आहे, हे आधीच सांगून टाकते. उद्या कुणीतरी येऊन माझ्या तोंडावर सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. निळ्या शाईचं, टपोरं, ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नसलेलं अक्षर. आमच्या पाड्यातली पहिली मॅट्रिक मुलगी म्हणून ज्या अक्षराचं कौतुक झालं, त्याच अक्षरात मी माझ्या आईचा कबुलीजबाब लिहिला, खाली तिचा अंगठा घेतला आणि वर साहेबांना चहाही करून दिला.

आमचा पाडा उल्हासनगरच्या मागे, खाडीच्या काठावर आहे. तीसेक घरं, सगळी कोळ्यांची. माझ्या आजोबांच्या काळात वसईकडून मीठ आणि कौलं भरून मचवे इथवर यायचे. त्यांच्यासाठी बांधलेल्या दगडी पायऱ्या अजून आहेत आणि पाडा त्या जागेला अजून बंदरच म्हणतो. माझ्या लहानपणी बायका तिथे कपडे धुवायच्या. पुढे तेही बंद झालं, कारण पांढरे नेलेले कपडे पिवळे होऊन परत यायला लागले. अंबरनाथकडून एक नाला येतो, तो बंदराच्या खाली दोन फर्लांगांवर खाडीला मिळतो. त्या नाल्यावर वरच्या अंगाला कंपन्या आहेत. त्यातल्या एका रंगाच्या कंपनीत सोमवारी कुठला रंग चालला आहे ते आम्हाला मंगळवारी कळायचं. आम्ही त्याची थट्टासुद्धा करायचो. आज निळा आहे, आज लाल आहे, आज साहेब लोकांची होळी आहे, असं म्हणून हसायचो. त्या हसण्याचा मला आता राग येतो.

माझी आई कौसाबाई. माझे वडील महिपती गेले तेव्हा मी पाचवीत होते. तेव्हापासून आई डोक्यावर पाटी घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, निर्वासित सिंध्यांच्या वस्तीत, मासळी विकते. तिथल्या सिंधी बायका तिला अमां म्हणतात आणि दर मोसमात एकदा तरी विचारतात, "अमां, पल्लो लाई?" पल्लो हा त्यांच्या गावच्या नदीतला मासा, त्याच्यावर त्यांचा फार जीव. आई त्यांना सांगायची, "पल्लो तुमारे सिंध में रह गया, बाय. ये जिताडा लेव, पल्लो को भूल जाएंगा." मग त्या हसत हसत घ्यायच्या. कौसाबाईची मासळी म्हणजे ताजी मासळी, हे कॅम्प चारमध्ये कुणाला सांगावं लागत नव्हतं. आईकडे दागिना नव्हता, जमीन नव्हती. तिचं एवढं नाव होतं.

अठ्ठ्याऐंशी साली, चैत्र शुद्ध बारशीच्या सकाळी, आईने मला हाक मारून उठवलं. मी बंदरावर गेले तर सगळा पाडा तिथे उभा होता. खाडी वरपासून खालपर्यंत पांढरी झाली होती. बोयी, कोळंबी, हातभर लांबीचे जिताडे, सगळे पोट वर करून तरंगत होते. चिंबोऱ्या काठावर चढून मेल्या होत्या. निवटे तर चिखलातले मासे, पाणी सोडून तासन् तास बाहेर राहू शकतात. तेसुद्धा चिखलावर वर वर सरकत गेले होते आणि बाभळीच्या मुळांपाशी जाऊन मेले होते. खाली नाला काय सोडून गेला ते भरतीच्या पाण्याने वर आणून आमच्या दारात ठेवलं होतं.

हिरामणमामाची जाळी पाण्यात होती. हिरामणमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ आणि आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. त्याचा पाय दुखावलेला, म्हणून आई गुडघाभर पाण्यात उतरली आणि जाळी ओढून काढली. नंतर दिवसभर तिने आणि बायकांनी मेलेली मासळी गोळा करून खड्ड्यात पुरली, कुत्र्यांनी आणि पोरांनी खाऊ नये म्हणून. संध्याकाळी तिच्या हातांची आग आग व्हायला लागली. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी बोटांची कातडी निघाली. मी खोबरेल लावत होते आणि ती मलाच सांगत होती, "रडतंस कनाला? हात माजं हायेत."

मामाने त्याच दिवशी माझ्याकडून तक्रारीचा अर्ज लिहून घेतला आणि स्वतः लंगडत जाऊन मासेमारी खात्याच्या ऑफिसात दिला. साहेब आले पाचव्या दिवशी. तोवर पुनवेचं उधाण येऊन गेलं होतं आणि खाडी धुऊन निघाली होती. साहेबांनी जीपमधून उतरून नाकाला रुमाल लावला, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथे तर काही दिसत नाही."

आईने एका बाटलीत बारशीच्या सकाळचं पाणी भरून ठेवलं होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं होतं. ती बाटली तिने पुढे केली. साहेब म्हणाले, "ही आमच्या समोर भरलेली नाही, चालणार नाही." मग त्यांनी शिपायाला पाठवून त्या दिवशीच्या स्वच्छ पाण्याची बाटली भरून घेतली, तिच्यावर लाख लावली आणि ती मात्र चालली. तेव्हाच खरं तर आम्ही सावध व्हायला हवं होतं.

जबाब घ्यायचा होता आणि साहेबांचा कारकून रजेवर होता. "इथे कुणाचं अक्षर चांगलं आहे?" साहेबांनी विचारलं आणि सगळ्या पाड्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मला अभिमान वाटला. मी आमच्या ओटीवर पाट मांडून, त्यावर कागद ठेवून बसले. जबाब कुणाचा घ्यायचा, तर जिने जाळी ओढली तिचा. म्हणून आई समोर बसली, फडक्याने हात गुंडाळून.

"या पट्ट्यात मासे कोण मारतं?" साहेबांनी विचारलं.

आता हे समजून घ्या. त्या वर्षी बाहेरचा एक ठेकेदार आमच्या पट्ट्यात जाळी टाकायला माणसं पाठवत होता आणि सोसायटीचा त्याच्याशी वाद चालू होता. हा पट्टा कुणाचा, इथे कुणी मासे मारायचे, हाच आमच्यापुढचा प्रश्न होता. साहेबांनी तो विचारला म्हणून आईला बरंच वाटलं. ती पाठ ताठ करून बसली.

"आमीच मारताव," आई म्हणाली. "आमच्या बापजाद्यापासून आमीच मारताव. दुसरा कोन नाय मारीत. कुनी सांगला त खोटा."

"लिहा," साहेब मला म्हणाले. "येथील मासे आम्हीच मारतो. अन्य कोणीही मारीत नाही."

मी लिहिलं. का नाही लिहिणार? जन्मापासून मी तोच शब्द ऐकत आले. बाबा कुठे गेले, मासे मारायला गेले. मामा काय करतो, मासे मारतो. आमच्या घरात तो शब्द जेवणे, झोपणे यांच्यासारखा होता.

"कशाने मारता?"

"जाल्यानं. पागीनं. गलानं."

"आणखी?"

एवढा मोठा साहेब एवढ्या आवडीने विचारतो म्हटल्यावर आई खुलली. "माजा सासरा व्हता ना, तो पावसाल्यान डबक्यान गेलाची फला कुटून टाकायचा. मासली झिंगून वर. मंग नुसती हातानं उचलाची!"

सगळे हसले. गेळफळाची ती गोष्ट पाड्यात सगळ्यांना पाठ होती. म्हातारा एकदा स्वतःच झिंगून डबक्यात पडला होता, तो भाग आई सांगणार तेवढ्यात साहेबांनी हात वर केला.

"लिहा. मासे मारण्यासाठी आम्ही विषारी वनस्पतींचाही वापर करतो."

त्यात सासरा नव्हता. डबकं नव्हतं. 'व्हता' नव्हतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण साहेबांना मध्येच कसं अडवायचं, ते सरकारी भाषेत असंच लिहीत असतील, असं मी मनाला सांगितलं. वाक्य व्याकरणात बरोबर होतं. मी पूर्णविराम दिला.

मग अंगठा. आईने फडकं सोडलं आणि शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला. नुसता एक गुळगुळीत डाग उमटला. "रेघा उमटल्या नाहीत, पुन्हा द्या," साहेब म्हणाले. पुन्हा दिला, पुन्हा डागच. तिसऱ्या वेळी साहेब कंटाळले आणि म्हणाले, राहू दे. कोवळ्या कातडीवर शाई चुरचुरत होती, तरी आई म्हणाली, "चा घ्या साहेब." मी चहा केला.

गणपती गेल्यावर मामाच्या नावाने नोटीस आली. मी ती ओटीवर बसून मोठ्याने वाचली. खाडीतील मासे कोणी मारले याबाबत चौकशी केली असता, श्रीमती कौसाबाई महिपती यांनी सदर मासे सोसायटीच्या सभासदांनीच विषारी वनस्पती वापरून मारल्याची स्पष्ट कबुली दिली आहे. तरी सोसायटीचा परवाना रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा.

"मी काय चुकीचा बोलली?" आईने विचारलं.

"आई, त्यांनी 'मारले' म्हणजे..."

"मासली मारताव नाय त काय पालताव?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सारी दुनिया बोलतं, कोली मासं मारतान. कवापासना त्या शब्दाचा गुन्हा झाला?"

मी तिला सांगितलं की मी लिहिलं, माझ्या हाताने लिहिलं, सासऱ्याचं गाळलेलं मला दिसलं होतं आणि मी गप्प बसले. सांगताना मला ती दोन लगावेल तर बरं असं वाटत होतं. तिने तसं काही केलं नाही. ती म्हणाली, "तू लिवनारी. सांगनारा कोन व्हता, ता इसरू नको."

इकडे गावाला बातमी लागली. एका साप्ताहिकाने छापलं, मच्छीमारांनीच कालवले खाडीत विष. ते साप्ताहिक वाचणारी दहा माणसं असतील, पण त्यातला एक कॅम्प चारमध्ये राहत होता. आईच्या पाटीपाशी बायका थांबेनात. एक जुनं गिऱ्हाईक, जिच्या मुलीच्या लग्नात आई आहेर घेऊन गेली होती, ती लांबूनच म्हणाली, "अमां, जहर वाली मच्छी तो नहीं है ना?" आणि हसली. तिला ती थट्टा वाटली. आई त्या दिवशी भरलेली पाटी घेऊन परत आली आणि घरात न येता ओटीवरच बसून राहिली. विष घालणारी कौसाबाई. पंधरा वर्षांच्या पायपिटीचं हे फळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण करायचं काय ते सुचत नव्हतं.

मी तेव्हा कॅम्प चारमध्येच गोवर्धनदास यांच्या वर्कशॉपमध्ये टायपिस्ट होते. शिलाई मशीनचे सुटे भाग बनवायचं त्यांचं दुकान. गोवर्धनदास कागदपत्रांतला किडा. कराची सोडून आले तेव्हापासून कागदाशिवाय माणसाला कोणी ओळखत नाही हे त्यांना पक्कं माहीत. मी त्यांना नोटीस दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन ती दोनदा वाचली.

"देख बेटी," ते म्हणाले, "सरकार को उसी के कागज से मार. तेरी मां का कागज छोड़, सरकार ने तुम लोगों को क्या कागज दिया है, वो निकाल."

मी घरी जाऊन मामाची पत्र्याची पेटी उपसली. सोसायटीची घटना, बिलं, फोटो आणि खाली परवान्यांची चळत. मी वरचा परवाना हातात घेतला, त्याच्या पहिल्या ओळीतलं ठळक नाव वाचलं आणि मला इतका संताप आला की मी एकटीच मोठ्याने हसले.

सुनावणीच्या दिवशी मी, आई आणि मामा ऑफिसात गेलो. टेबलामागे मोठे साहेब, बाजूला आमच्या ओटीवर चहा प्यायलेले साहेब. आणि गंमत बघा, ज्या रंगाच्या कंपनीविरुद्ध आमची तक्रार होती तिचे वकील आमच्याआधी येऊन खुर्चीत बसले होते. आम्हाला बसायला कुणी सांगितलं नाही. वकिलांनी जबाब वाचून दाखवला. येथील मासे आम्हीच मारतो. प्रत्येक शब्द माझ्या अक्षरातून त्यांच्या तोंडात जाताना मी ऐकत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, आता यात आमच्या कंपनीचा संबंधच कुठे येतो?"

"मला बोलायचंय," मी म्हणाले.

"तू कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हा कागद लिहिणारी."

मी परवान्यांची चळत टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "साहेब, वरच्या परवान्यावर काय लिहिलंय ते वाचा."

त्यांनी वाचलं. "मासेमारी परवाना."

"मासेमारी," मी म्हणाले. "म्हणजे मासे मारणं. एकोणीसशे साठपासून दर वर्षी तुम्हीच सही-शिक्का करून आम्हाला मासे मारायची परवानगी देता. आईला विचारलं मासे कोण मारतं, तिने सांगितलं आम्ही मारतो. तो गुन्हा असेल तर ही सगळी चळत गुन्ह्याची आहे आणि तुमच्या ऑफिसच्या दारावरची पाटीसुद्धा आधी उतरवा. त्या पाटीवर पण मासेमारीच लिहिलंय."

आधी दारातला शिपाई हसला. मग कारकून हसला. मोठ्या साहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं. मी थांबले नाही. सासरा, डबकं, गेळफळ, सगळं सांगितलं. तो म्हातारा जाऊन वीस वर्षं झाली, हेही सांगितलं.

मोठे साहेब बाजूच्या साहेबांकडे वळले. "हे सासऱ्याचं तुम्ही लिहिलं का नाही?"

"मी कुठे लिहिलं?" ते म्हणाले. "अक्षर बघा ना. हिचंच अक्षर आहे."

मला वाटलं मी त्यांच्या अंगावर जाईन. ज्या माणसाने तोंडाने एकेक शब्द सांगितला, तो माझ्या अक्षरामागे लपत होता आणि अक्षर माझं होतं हेही खरंच होतं. आईने माझा दंड धरला.

मोठे साहेब समजूतदार माणूस निघाले, असं तेव्हा वाटलं. त्यांनी जबाब बाजूला सारला. म्हणाले, शब्दाचा घोळ झाला, ठीक आहे, नवा जबाब घेऊ आणि विषय संपवू. त्यांनी टायपिस्टला मजकूर सांगितला आणि कागद आमच्यापुढे आला. "बाई, अंगठा द्या. परवाना आजच्या आज देतो, तुमच्यावरचा ठपकाही काढतो."

मामाचा चेहरा उजळला. "दे कौसे, दे आंगठा," तो म्हणाला.

आईने कागद माझ्याकडे दिला. "वाच."

मी वाचलं. खाडीतील मासे नैसर्गिक कारणाने मेले. याबाबत आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही.

"मेले लिवलाय?" आईने विचारलं.

"हो."

"मारले नाय?"

"नाही."

मी खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटत होतं की तिने अंगठा द्यावा. परवाना मिळेल, तिचं नाव धुऊन निघेल, कॅम्प चारमध्ये पुन्हा पाटी रिकामी होऊन येईल. सोसायटीत बावीस घरं होती. मामा हात जोडून तिच्याकडे बघत होता.

आईने कागद टेबलावर ठेवला आणि मोठ्या साहेबांशी बोलायला लागली, जशी बाजारात बोलते तशीच, न घाबरता.

"साहेब, माजा नवरा मेला. तापानं मेला. त्याला मी मेला बोलते. ही मासली मेली नाय. निवटा चिखलान वर चरून झाडाच्या बुंध्याला जाऊन पडला, तो काय म्हातारा झालता? आमी मासली मारताव ती पोटाला. जेवरी खपतं तेवरी मारताव, पिल्ला असली त सोरून देताव. ही सगली मारली, पिल्लासकट, आन फेकून दिली. कुनी मारली ता तुमाला ठाव हाय, मना ठाव हाय, त्या खुर्चीवरच्या वकिलाला पन ठाव हाय. ता लिवा. मंग एक नाय, धा आंगठं देते."

वकील म्हणाले, "बाई, पुरावा लागतो."

आईने उजवा हात त्यांच्या नाकासमोर धरला. बाकीची बोटं बरी झाली होती, पण अंगठ्याची कातडी नवी आलेली, लहान बाळाच्या गालासारखी, तिच्यावर एक रेघ नव्हती. "ह्या रेघा कुनी खाल्ल्या?" तिने विचारलं. "गेलाच्या फलानं हाताची कातरी जात नाय, वकीलसाहेब. या, लावून दाखवते."

मोठे साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "विचार करा. हा कागद ठेवतो. अंगठा आला की परवाना निघेल." तेवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर आल्यावर मामा आईला नको नको ते बोलला. एका शब्दासाठी बावीस घरांच्या पोटावर पाय दिलास, असं म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आई त्याला म्हणाली, "दादा, तू चेअरमन हाईस. तूच जा, दे तुजा आंगठा." मामा रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिला. मग लंगडत आमच्याबरोबर घराकडे चालायला लागला. ऑफिसात गेला नाही.

परवाना पुढील आदेशापर्यंत स्थगित झाला. पुढील आदेश आठ वर्षांत आलेला नाही. आमच्या खाडीत आमची माणसं चोरासारखी जाळी टाकतात आणि जीप दिसली की काढून घेतात. तसंही जाळ्यात आता फारसं काही येत नाही. पाड्यातली दोन पोरं त्याच कंपनीत ठेकेदारीवर लागली आहेत. टाक्या धुण्याचं काम आहे. आई बाहेरून आलेली बर्फातली मासळी विकते. कॅम्प चारच्या बायका पुन्हा घेतात तिच्याकडून, पण ताजी आहे ना असं आधी विचारतात. त्या प्रश्नाने दर वेळी माझं डोकं उठतं. नाल्याचा रंग अजून रोज बदलतो. त्यावर आता आम्ही कुणी हसत नाही.

मात्र एक गोष्ट त्या ऑफिसला जमलेली नाही. तक्रार नोंदलेली आहे, तिला नंबर आहे आणि आईच्या नाहीतर मामाच्या अंगठ्याशिवाय ती फाईल बंद होत नाही आणि मामानेही तो दिलेला नाही. म्हणून दर वर्षी मार्चअखेरीला तिथून माणूस येतो, तोच मजकूर नव्याने टाइप केलेला कागद घेऊन. यंदाचा अगदी नवा होता, नोकरीला लागून सहा महिने झाले असतील. आईने त्याला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि कागद मोठ्याने वाचायला लावला. तिला वाचता येत नाही आणि आता दिसतंही कमी, पण कान शाबूत आहेत.

"मारले लिवलाय का?" वाचून झाल्यावर तिने विचारलं.

"नाही आजी. मेले लिहिलंय."

"मंग चा पी आन जा, बाबा."

त्याने चहा घेतला. जाताना तो दारात माझ्यापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. समजवा ना त्यांना. एका शब्दाने काय होतंय?"

"एका शब्दाने काय होतं ते तुमच्या फाईलमधल्या पहिल्या जबाबात आहे," मी म्हणाले. "माझंच अक्षर आहे. साहेबांना सांगा, अजून तितकंच चांगलं आहे. मारले लिहायचं ठरलं की कोरा कागद घेऊन या, मी लिहून देईन."